दोन नावांची कॅसेट

१

जुन्या गेमची कॅसेट खरी की खोटी, हे तुतिक आधी वासावरून ओळखायची आणि मगच हत्यारं हातात घ्यायची. खऱ्या कॅसेटला तीस वर्षांनीही कपाटाचा, डांबराच्या गोळ्यांचा, कुणाच्या तरी घराचा वास येतो. खोटीला नुसता प्लॅस्टिकचा. पण वास काही दाखल्यावर लिहिता येत नाही. म्हणून पुढचं सगळं ठरलेल्या क्रमानं व्हायचं. मागचे दोन स्क्रू काढायचे, आतली हिरवी पट्टी भिंगाखाली धरायची, तिच्यावरच्या बटन सेलला मीटर लावायचा, सगळं होतं तसं मिटवायचं आणि शेवटी फुगीर काचेच्या जुन्या टीव्हीला गेमचं यंत्र जोडून एक डाव पुरा खेळायचा. मग सही.

सुराबायाच्या एका जुन्या बाजारात, वरच्या मजल्यावर तिचा गाळा होता. एका अंगाला शिंपी, दुसऱ्या अंगाला घड्याळवाला. वडिलांच्या काळात तिथं टीव्ही दुरुस्त व्हायचे. नंतर बारा वर्षं तुतिकनं तासाच्या भाड्यानं गेम खेळायला दिले. आता ती छप्पन्नची होती, आणि जकार्ता-सिंगापूरचे हौशी लोक तिची सही असल्याशिवाय जुन्या गेमला हात लावत नसत.

सोमवारी सकाळी एक बाई जिना चढून आली. चाळिशी उलटलेली, अंगानं बारीक, बोटांना सुईचे वण. तिनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला खोका काढून काउंटरवर ठेवला.

"बू तुतिक तुम्हीच ना? मी निंग्रुम. लग्नाच्या कपड्यांवर मणीकाम करते. आईचं घर रिकामं करतेय, त्यात हे सापडलं. भाचा म्हणाला, फेकू नको, याला किंमत आहे."

तुतिकनं टॉवेल उलगडला आणि खोका दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला.

खोक्यावर एक अरुंद गल्ली रंगवलेली होती. दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे, गोलपोस्ट म्हणून ठेवलेल्या रबरी चपला आणि प्लॅस्टिकच्या चेंडूमागे धावणारी अनवाणी पोरं. वर मोठ्या अक्षरांत नाव होतं: 'लोरोंग', म्हणजे गल्ली. तीन-तीन जणांचा गल्लीतला फुटबॉल. काढणारी छोटी कंपनी वर्षभरात बंद पडली होती आणि माल दुकानांतून परत गेला होता. तुतिकनं हा गेम आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा खोका नसलेला.

"म्बाक," तुतिक म्हणाली. वयानं लहान असली तरी गिऱ्हाइकाला ताई म्हणायची तिची पद्धत होती; तिला मात्र सगळे 'बू', म्हणजे बाई, म्हणत. "पुस्तिका आहे का आत?"

"आहे. कोपरा कुरतडलाय. ते उंदीर नाही हं, माझी धाकटी बहीण. हरली की हाताला लागेल ते चावायची."

तुतिक हसली. "चावलेल्या कोपऱ्याचे थोडे पैसे कमी होतील. तरी एक नवी स्कूटर येईल, असं समजा."

निंग्रुमनं चपला गोलपोस्ट झालेल्या त्या चित्रावरून अंगठा फिरवला. "स्कूटर," ती म्हणाली. "आणि आम्ही बसायला पाट म्हणून वापरत होतो हा खोका."

पावतीची एक प्रत घेऊन ती गेल्यावर तुतिकनं स्क्रू काढले. सगळं अस्सल होतं. बटन सेल मात्र पार गेलेला. कडेला पांढरं मीठ फुटलेलं, मीटरचा काटा शून्यावरून हललासुद्धा नाही. ते अपेक्षितच होतं. या सेलच्या जिवावर कॅसेट जुने निकाल लक्षात ठेवते, आणि तो पंधरा वर्षांच्या वर जगत नाही.

२

दुपारी, खालच्या मशिदीतली बांग संपल्यावर तिनं यंत्र सुरू केलं. गल्ली आली, वाद्यं वाजली, आणि पहिल्याच पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

निन १३१.
लार ४.

तीन इंग्रजी अक्षरांपुरतीच जागा, त्यात कोंबलेली दोन नावं आणि जिंकलेले सामने. तुतिकनं यंत्र बंद केलं, कॅसेट काढली, फुंकली, परत बसवली. निन १३१, लार ४. तिनं मोबाइलवर फोटो काढला.

'सेल मेला म्हणजे आठवण गेली,' असं ती आजवर शंभर लोकांना सांगत आली होती. पण पट्टीवर एखादा वेगळा भाग असेल, विजेशिवाय लक्षात ठेवणारा. कंपनी छोटी, त्यांनी हाताशी होतं ते लावलं असेल. तिनं तशी समजूत करून घेतली, एकटीनं एक सामना खेळली आणि को लियाँगला फोन लावला.

को लियाँग, म्हणजे लियाँगदादा, जकार्ताचा. त्याच्या घरात माणसांपेक्षा कॅसेटी जास्त. "बू तिक, थट्टा करू नका," तो म्हणाला. "खोक्यासकट, पुस्तिकेसकट?"

"आणि आठवणीसकट. जुने निकाल शाबूत आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ते तर जगात कुणाकडे नाही! ऐका, तिला हात लावू नका. धुऊ-पुसू नका. मी शनिवारी येतो. आणि आठवण मूळची आहे, कुणी छेडलेली नाही, असं तुमच्या सहीनं लिहून द्या. किंमत दुप्पट."

"आधी तपासू तर दे."

"तुम्ही ना, माझ्या डॉक्टरपेक्षा जास्त तपासता."

३

मंगळवारी तिनं यंत्र लावलं तेव्हा लारसमोर नऊ होते.

आपण काल चार वाचलं की नऊ? तिनं फोटो उघडला. चार. काल आपण एकटीनं खेळलो, त्यात काही गडबड झाली असेल, असं तिनं ठरवलं. मग लक्षात आलं, तो सामना ती नाव न घालताच खेळली होती.

तिनं त्या दिवशी गेम खेळलाच नाही. कॅसेट उघडून मेलेला सेल सोल्डर वितळवून काढून टाकला. आता आत वीज धरणारं काहीच उरलं नव्हतं. कॅसेट तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, डबा लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला.

बुधवारी लार २१.

तुतिक स्टुलावर बसून त्या आकड्याकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. शेजारी शिंप्याचं यंत्र थांबत होतं, चालत होतं. भीती वाटावी असं खोलीत काही नव्हतं. तिला राग आला होता, खोटं बिल लावणाऱ्या माणसाचा येतो तसा. वाढत असतील आकडे तर दोन्ही वाढायला हवेत, किंवा वाटेल तसे बदलायला हवेत. निन मात्र जिथल्या तिथे होती. एकशे एकतीस. रात्रीतून बारा सामने झाले होते आणि बाराही एकीनंच जिंकले होते.

ती उठून घड्याळवाल्याकडे गेली. म्हातारे पाक सस्मितो, बाजाराचे काका, डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"पाक, तुमच्याकडे कधी बंद घड्याळ चाललंय?"

"चालतं ना. गिऱ्हाईक पैसे न देता घरी नेतं तेव्हा," ते मान वर न करता म्हणाले. मग भिंग काढून तिच्याकडे पाहिलं. "काय गं? चेहरा का असा?"

"काही नाही. उकडतंय."

४

गुरुवारी दुपारी निंग्रुम पुन्हा आली, तळलेली केळी घेऊन. डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी.

"काय लावून घेतलंत?"

"कळतच नाही, बू. सकाळी उठते ती अंगठे सोललेलेच. डॉक्टर म्हणाले, सुईकाम कमी करा. पण मणी मी अंगठ्यानं ओवते थोडेच? दोन दिवस काम बंद आहे. आणि झोपून उठल्यावर इतकं थकायला होतं, जशी रात्रभर जागीच होते."

"बघू."

निंग्रुमनं डाव्या हाताची पट्टी सोडवली. अंगठ्याच्या पेरावर लाल फोड होता, आणि फोडाला आकार होता. अधिकच्या खुणेचा. चार टोकं, मध्ये दाब.

बारा वर्षं तुतिकनं तो वण हजारो अंगठ्यांवर पाहिला होता. सुट्टीच्या दिवसांत, पैसे संपेपर्यंत खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या डाव्या अंगठ्यावर कंट्रोलरच्या दिशेच्या बटनाचा हाच ठसा उठायचा. तिनं निंग्रुमचा हात सोडला आणि केळ्याचा तुकडा मोडला. तो तोंडात घालायचं राहून गेलं.

"तुम्ही घरी असलं काही खेळता का, म्बाक?"

"मी? चौदाव्या वर्षी सोडलं ते सोडलं."

"बहिणीबरोबर खेळायचात तेव्हा. लार म्हणजे ती ना?"

"लारास." निंग्रुमनं नाव घेतलं आणि पट्टी नीट चिकटवायला लागली. "नऊ वर्षांची होती. चारदाच जिंकली ती, आणि त्या चारही वेळा आईनं मला मधूनच हाक मारली होती."

ती गेल्यावर तुतिकनं आपल्या कामाचं उरलेलं टोक हातात घेतलं. पुस्तिकेचं पान न् पान तपासून डाग आणि दुमड टिपायची असते. सोळा पानं होती. चौदाव्या पानावर, कुरतडलेल्या कोपऱ्याजवळ, चौकटीत एक नियम छापला होता:

'दोन्ही खेळाडूंचे विजय समान झाल्यास निर्णायक सामना होईल. हरणाऱ्याचं नाव पुसलं जाईल.'

त्या दिवशी सकाळी लारसमोर सत्तेचाळीस होते.

५

शुक्रवारी नव्वद. तुतिकनं गाळ्याला कुलूप लावलं आणि भर दुपारी निंग्रुमच्या आईचं घर शोधत गेली.

गल्ली इतकी अरुंद होती की समोरून स्कूटर आली तर कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. भिंतीवर कपाटाच्या जागी फिकट चौकोन, जमिनीवर चटई आणि कडेला बांधलेली गाठोडी. निंग्रुमनं गार चहा आणला.

तुतिकनं सगळं सांगितलं. सेल, डबा, किल्ली, आकडे, शनिवारी गेम घ्यायला येणारा को लियाँग. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, म्हणून ती एखाद्या बिघाडाविषयी बोलावं तशी बोलत गेली. फोटो दाखवले. पुस्तिकेचं चौदावं पान वाचून दाखवलं.

निंग्रुम घाबरली नाही. फोटोतल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "नव्वद? हिला शिकवलं कुणी एवढं?"

"म्बाक, मी गंमत करत नाहीये."

"मलाही गंमत वाटत नाहीये, बू." ती चटईचा एक सुटलेला धागा ओढत राहिली. "तिला डासांचा ताप आला होता. तिसऱ्या दिवशी उतरला. आईनं अंग पुसलं, वेणी घातली, आम्हाला वाटलं झालं. मला म्हणाली, उद्या बसू, मी बरोबरी करणार आहे. मी म्हटलं, कर. दुसऱ्या दिवशी ती नव्हती."

बाहेरून सार विकणारा वाडग्यावर चमचा वाजवत गेला.

"यावर एक उपाय आहे," तुतिक म्हणाली. "दोन बटनं दहा सेकंद दाबून धरली की सगळी आठवण पुसते. दोन्ही नावं जातील. को लियाँग बोंबलेल, बोंबलू दे."

"आणि तिचं नाव?"

"तेही जाईल."

"मग ते राहणार कुठे, बू?" निंग्रुमनं आवाज चढवला नाही. "कबरीवरची लाकडी पाटी दोनदा कुजली, तिसऱ्यांदा कुणी बसवलीच नाही. शाळेत ती तिसरीपर्यंत, तिथले कागद पुरात गेले. आई होती तोवर निदान हाक तरी मारायची, कधी मला चुकून त्याच नावानं. आता आईही नाही. हा गेम सापडला तेव्हा मी किमतीचं बोलले, पण खरं सांगू? यंत्र नव्हतं माझ्याकडे. नाव अजून आहे का, एवढंच मला बघायचं होतं."

तुतिकनं पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "नियमात लिहिलंय, हरणाऱ्याचं पुसलं जाईल. तुमचंही असू शकतं."

"माझं पुसून काय होणार? मी तर ही अशी तुमच्यासमोर बसलेय." निंग्रुम हसली, आणि हसताना तिनं दुखरे अंगठे मुठीत लपवले. "उद्या येते. को यायच्या आधी."

६

शनिवारी सकाळी दहाला दोघी पडद्यासमोर बसल्या. लार १३०.

"एक ठेवलाय," निंग्रुम म्हणाली. "जागेपणी खेळायचाय तिला."

तुतिकनं चटई अंथरली, दोन्ही कंट्रोलर जोडले. एक निंग्रुमनं उचलला. दुसरा तिच्या उजव्या हाताला चटईवर पडून राहिला. दोघांचा सामना निवडला की दुसऱ्यानं बटन दाबल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. पडद्यावर अक्षरं लुकलुकत होती. तुतिक त्या कंट्रोलरकडेच बघत होती. तो हलला नाही, त्याची वायर हलली नाही.

टक्. शिट्टी झाली आणि चेंडू मधोमध आला.

"मुद्दाम हरणार नाही मी," निंग्रुम पुटपुटली. "तिला लगेच कळतं."

आणि खरंच ती जिवाच्या आकांतानं खेळली. पिवळ्या कपड्यांतली लारची तीन पोरं मात्र फार हुशार होती. भिंतीवर आपटून चेंडू परत घ्यायची, चपलांच्या अगदी कडेनं सारायची. निंग्रुम बोलत होती, रागावत होती. "अगं, एकटीच काय पळतेस! दे ना पास… शाब्बास. बघ हं, आता बघ." पाच-तीन. पहिला सामना लारनं जिंकला.

एकशे एकतीस, एकशे एकतीस.

वाद्यं थांबली. गल्लीतले वाळत घातलेले कपडे नाहीसे झाले. रिकामी गल्ली आणि चेंडू, एवढंच उरलं. तुतिकचा हात प्लगकडे गेला.

"बू," निंग्रुम मागे न बघता म्हणाली, "राहू द्या."

तुतिकनं हात मागे घेतला. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला विचारत राहिली, का घेतला. त्या क्षणी तिला एवढंच वाटलं की हा कुणाच्या तरी घरातला खेळ आहे आणि आपण पाहुणे आहोत. ती उठली, कोपऱ्यातल्या नळाशी गेली आणि चहाचे ग्लास धुवायला लागली. पाठ टीव्हीकडे.

दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिचे कान यंत्रांवर तयार झालेले. निंग्रुमच्या कंट्रोलरचं एक बटन सैल होतं, त्याचा आवाज जरा पोकळ यायचा. तो येत होता. आणि त्याच्या आड दुसरा, भरीव, भराभर. दोन कंट्रोलर. मध्येच चटई करकरली, बसल्या जागी कुणी पाय बदलावा तशी. निंग्रुमचं बोलणं कमी होत गेलं, मग थांबलं. गोलची शिट्टी झाली, पुन्हा झाली. तुतिकनं तेच ग्लास तिसऱ्यांदा विसळायला घेतले. मग तिच्या लक्षात आलं की पोकळ आवाज केव्हाच बंद झालाय. आता एकच कंट्रोलर वाजत होता, तो दुसरा.

लांब शिट्टी. पाणी बंद करून ती वळली.

बाई चटईवर बसली होती, पण मघाच्या जागी नाही. चटईच्या दुसऱ्या टोकाला, पाय पोटाशी घेऊन. तिच्या हातात दुसरा कंट्रोलर होता. पहिला आपल्या जागी पालथा पडला होता, त्याच्या बटनाला चिकटपट्टीचा एक तुकडा लागून राहिला होता.

"जिंकले!" ती म्हणाली. चेहरा नुसता फुलला होता. "बू, जिंकले मी!"

तिनं दोन्ही हात वर केले. अंगठे स्वच्छ होते. त्यांच्यावर फोड नव्हता, वण नव्हता, सुईची खूणसुद्धा नव्हती.

७

तिनं चहा घेतला, तुतिकचे आभार मानले, विक्रीच्या कागदावर सही केली आणि जिना उतरून गेली. चप्पल वाजवत, दोन-दोन पायऱ्या एकदम.

तिच्या पाठोपाठच को लियाँग आला, घाम पुसत. "बू तिक! जिन्यातच भेटल्या त्या. काय आनंदी बाई! म्हणाल्या, गेम तुमचा झाला, सांभाळा. किमतीवर घासाघीससुद्धा नाही."

"कोण भेटली?"

"कोण म्हणजे? विकणाऱ्या बाई. बू लारास." त्यानं काउंटरवरची पावती उचलून तिच्यासमोर धरली. पावती सोमवारची होती आणि अक्षर तुतिकचंच. लारास, मणीकाम, एक गेम खोक्यासकट तपासणीला.

तुतिकनं ती दोनदा वाचली. मग मोबाइल काढून सोमवारचा फोटो उघडला. खालच्या ओळीत लार ४. वरच्या ओळीत नावाची जागा काळी, आणि काळ्या जागेपुढे आकडा जसाच्या तसा. १३१. मंगळवारच्या, बुधवारच्या, सगळ्या फोटोंत तसंच.

"पाक सस्मितो!" तिनं भिंतीवर थाप मारून हाक दिली. "सोमवारी माझ्याकडे आलेली बाई, खोका घेऊन. तिचं नाव मी तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाव नाही सांगितलंस," पलीकडून आवाज आला. "का गं?"

"काही नाही."

को लियाँग तोवर खोका उजेडाकडे धरून कडा तपासत होता. त्यानं यंत्र लावलं, पडदा पाहिला आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली. "लार १३२! बाकी पाटी कोरी. तीस वर्षं आठवण जपलेली कॅसेट. द्या आता दाखला. मूळची आठवण, कुणी छेडलेली नाही."

तुतिक स्टुलावर बसली. कोरा दाखला पुढे ओढला. खोका मूळचा, पुस्तिका मूळची, एक कोपरा गेलेला, सेल काढलेला. हात नेहमीसारखा चालला. आठवणीच्या रकान्यापाशी तो थांबला. पेनाचं टोक कागदाला टेकून शाईचा ठिपका मोठा होत गेला. कुणीतरी एकशे एकतीस सामने जिंकलं होतं. कुणीतरी केळी आणली होती, ती अजून कागदात होती. रिकाम्या घरात बसून तिच्याशी कुणीतरी बोललं होतं, हळू आवाजात, आणि ते बोलणं तिला शब्द न् शब्द आठवत होतं.

तिनं लिहिलं, 'एक नाव कमी आहे,' आणि खाली सही केली.

को लियाँगनं मान वाकडी करून वाचलं. "हे काय? कुणाचं नाव?"

तुतिकनं सांगायला तोंड उघडलं, पण नाव आलं नाही.